आठ बटणं आणि कोजागिरी: कामाच्या नोंदी

12 जुलै 2025, शनिवार

दादांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बुधवारी पावसात रामबागेजवळ स्कूटर घसरली, मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, आणि तबला दिवाळीनंतरच, असं डॉक्टरांनी सांगितलंय. राजेंद्र नगरातल्या आमच्या भजनी मंडळात तबलजी एकच, ते म्हणजे दादा. मी पेटीवर. कोजागिरीचा कार्यक्रम 6 ऑक्टोबरला. मध्ये गणपती.

दुसरा तबलजी बघू, असं आत्या म्हणाल्या. मिळेल, इंदूर आहे हे. पण दर शनिवारी तालमीला यायला आणि सत्तरीच्या बायकांच्या लयीला सांभाळून घ्यायला कोण तयार होणार? शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण लेक पुण्याला जाताना त्याचा अरेंजर कीबोर्ड (ठेका आणि साथ आपोआप वाजवणारा) माझ्याकडे ठेवून गेलाय. त्यात ठेके आहेत हे सगळ्यांना माहीत. ते कसे लावायचे हे कुणालाच माहीत नाही, मलाही नाही.

म्हणून ही वही. काय केलं आणि का केलं ते लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी मीच विसरेन.

13 जुलै

खोळ काढली. समोर साठ-सत्तर बटणं तरी असतील. एक भजन वाजवायचं तर: ठेका निवडा, त्याची लय लावा, उजव्या हाताचा आवाज निवडा, डाव्या हाताचा निवडा, दोघांचे व्हॉल्यूम जुळवा, पट्टी लावा, अकंपनीमेंट (म्हणजे साथ) चालू, सिंक स्टार्ट (पट्टी दाबली की ठेका सुरू) चालू. मी मोजलं, सोळा वेळा बोट लावावं लागलं. तेवढ्यात काकूंचा आलाप संपून मुखडा येऊन गेला असता.

पेटी चाळीस वर्षं वाजवतेय. तिथे उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, संपलं. खर्ज-नर अशा जाड-बारीक सुरांच्या दोन्ही ओळी हव्यात की नुसतं नर, ते बसतानाच एकदा ओढून ठेवायचं.

15 जुलै

मॅन्युअल वाचलं. कंटाळवाणं आहे, पण एक गोष्ट सापडली ती अगदी ओळखीची निघाली. सगळी मांडणी एकदा मनासारखी लावायची, मेमरीचं बटण दाबायचं, मग 1 ते 8 पैकी एक आकडा. झालं. पुढच्या वेळी तो आकडा दाबला की ठेका, लय, आवाज, व्हॉल्यूम सगळं जसंच्या तसं परत. अशा आठ बटणांची मिळून एक बँक, आणि बँका हव्या तेवढ्या साठवता येतात.

यामाहा याला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणतं. दुसऱ्या कंपन्यांची नावं वेगळी, काम साधारण तेच. हा रजिस्ट्रेशन शब्द मात्र यंत्रांच्या आधीचा आहे, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा. कुठले स्टॉप (आवाज निवडायच्या मुठी) ओढून कुठले सूर एकत्र बोलवायचे, त्या निवडीला ऑर्गनवाले रजिस्ट्रेशन म्हणतात. संगीत नाटकातल्या ऑर्गनलाही तसेच स्टॉप असायचे. 1935 मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनवर तर डाव्या टोकाचं एक सप्तकच उलट्या रंगाचं होतं, पांढऱ्यांच्या जागी काळ्या आणि काळ्यांच्या जागी पांढऱ्या. त्या पट्ट्या दाबल्या तर सूर वाजत नसे, आधी ठरवून ठेवलेला आवाज लागत असे.

म्हणजे मला सोळा वेळा बोटं लावायचा त्रास वाटला तो नव्वद वर्षांपूर्वीही कुणाला तरी वाटला होता.

आणि आज संध्याकाळी भाजी चिरताना लक्षात आलं: कीबोर्डला भाता नाही. माझा डावा हात रिकामा आहे! चाळीस वर्षं हवा भरणाऱ्या हाताला आता बटणांचं काम द्यायचं. कॉर्ड-बिर्ड त्याला या वयात शिकवत नाही.

19 जुलै, शनिवारची तालीम

पहिला प्रयत्न. कोजागिरीच्या चौदा रचनांची यादी होती, त्यातल्या पाच बसवल्या. प्रत्येक रचनेला एक बँक केली: बटण 1 मुखडा, 2 अंतरा (बासरी), 3 शेवटची वाढलेली लय. घरी वाजवताना मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तालमीत अर्ध्या तासात सगळं कोसळलं. आत्या म्हणाल्या, आधी तो तिसरा अभंग घेऊ. मग मी बँक शोधतेय, पडद्यावर नावं बारीक, चष्मा ओट्यावर राहिलेला. सापडली तोवर बायकांनी टाळ्यांवर सुरूही केलं होतं, आणि माझा ठेका आला तो भलत्याच मात्रेवर. दादा कोपऱ्यात प्लास्टर मांडीवर ठेवून बसले होते. काही बोलले नाहीत. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "ताई, मशीनचा केरवा सगळ्या थापा एकाच वजनाच्या देतो. झोप येते हो."

20 जुलै

राग आला होता, आज ओसरला. दादांचं म्हणणं खरं आहे. पण त्याआधीचा घोटाळा वेगळा.

चौदा बँका म्हणजे चौदा वेळा "बटण 1" चा अर्थ बदलणार. या गाण्यात 2 म्हणजे बासरी, त्या गाण्यात 2 म्हणजे द्रुत. हे लक्षात ठेवायचं असेल तर सोळा बटणांचा जुना त्रास काय वाईट होता? तबलजीला आपण "सात नंबरचं गाणं" सांगत नाही. "दादा, भजनी, जरा बसकी लय" एवढंच सांगतो आणि ते सुरू होतात.

म्हणजे बँक एकच हवी, आणि बटणं गाण्यांची नकोत, ठेक्यांची हवीत. 4 म्हणजे केरवा, गणपतीतही केरवा आणि कोजागिरीतही केरवाच.

पाचही बँका पुसल्या. थोडं दुखलं.

26 जुलै

दादांना घरी बोलावलं, पोहे केले, वर शेव आणि जिरावण मसाला. ते आले ते "बघू काय खेळणं आहे" अशा चेहऱ्याने.

आधी लयीच्या आकड्यांवरून वाद. मी म्हटलं 84. ते म्हणाले, 84 मात्रांत तर माणूस झोपेल. मग उलगडा झाला. यंत्र चार ठोक्यांत केरव्याचं एक आवर्तन संपवतं, म्हणजे एका ठोक्यात दोन मात्रा. पडद्यावर 84 म्हणजे दादांच्या हिशोबाने मिनिटाला 168. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: आकडा ठोक्यांचा, मात्रांचा नाही. त्यांनी डोळे मिटून मांडीवर डाव्या हाताने लय धरली, मी टॅपच्या बटणावर तशीच बोटं मारली. यंत्राने 76 पकडलं. आमच्या बायकांची लय 76. चाळीस वर्षांत मला हा आकडा माहीत नव्हता.

भजनी ठेका यंत्रात नाही. जवळचं म्हणून जे होतं ते ऐकून दादांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला वाटलं उठून जातात. पण म्हणाले, "यात आपला भरता येतो का?"

27 जुलै

येतो! स्टाइल क्रिएटर नावाचा भाग आहे. ठेक्याची लांबी ठरवायची, रेकॉर्ड सुरू करायचं, तेवढा तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि आपण त्यावर एकेक थर चढवायचा. तालवाद्यांच्या आवाजांत भारतीय संच आहे, त्यात डग्ग्याचे आणि तबल्याचे बोल वेगवेगळ्या पट्ट्यांवर.

दादांचा डावा हात शाबूत, म्हणजे डग्गा शाबूत. ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी डग्गा वाजवणार आणि चाटीचा ना (तबल्याच्या काठावरचा बोल) मी, असं ठरलं. पहिले पंधरा मिनिटं नुसतं हसणं. पट्टीला डग्ग्यासारखं मनगटाने घासता येत नाही, मींड (घसरता सूर) निघत नाही, त्यांचा हात सारखा घासायला जाई आणि शेजारच्या पट्टीवरचं घुंगरू वाजे. मग त्यांनी ते सोडलं आणि नुसत्या वजनावर आले. एक थाप भारी, पुढची अलगद, मध्ये एक जवळजवळ ऐकू न येणारी. पट्टी किती जोरात पडली ते यंत्र नोंदवतं, त्यामुळे हे वजन तसंच्या तसं उतरलं.

मी हौसेने क्वांटाइज केलं. म्हणजे मागेपुढे पडलेल्या थापा यंत्र अगदी रेषेवर नेऊन बसवतं. परत ऐकवलं. दादा म्हणाले, "हे माझं नाही."

खरंच नव्हतं. त्यांची दुसरी थाप केसभर उशिरा येते, भजनाचा सगळा डुलावा त्या उशिरात आहे, आणि मी तोच पुसून टाकला होता. डग्गा परत घेतला, क्वांटाइजला हात लावला नाही. माझा चाटीचा ना मात्र सरळ केला, कारण माझं मागेपुढे होणं म्हणजे डुलावा नव्हे, चूक आहे.

दोन तुकडे भरले. मेन ए म्हणजे साधा ठेका, मेन बी म्हणजे लग्गी, चढत्या लयीतले भरगच्च बोल.

2 ऑगस्ट

फटाफट: ऑटो फिल बंद केला. ए वरून बी ला जाताना यंत्र मध्ये स्वतःचा एक तुकडा घालायचं, त्यात पाश्चात्त्य ड्रम. अभंगात एकदम लग्नाचा बँड शिरल्यासारखं. पेटीच्या आवाजाचा टच रिस्पॉन्सही (पट्टी जोरात तर आवाज मोठा) बंद. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो, त्यामुळे माझी बोटं वजनाची शिस्त पाळतच नाहीत आणि सूर मध्येच किंचाळत होता.

5 ऑगस्ट

आज भैरवीतली रचना घेतली आणि कानाला काहीतरी बोचत राहिलं. सूर बरोबर, ठेका बरोबर, तरी कडू.

कारण डाव्या हाताकडे होतं. मी नुसता सा दाबून ठेवते. सोप्या पद्धतीत यंत्र त्या एका सुरावरून आपणच मेजर कॉर्ड धरतं, म्हणजे सा, शुद्ध ग, प. वर काकू कोमल गंधारावर बसलेल्या आणि खाली हे शुद्ध गंधार वाजवतंय. दोन गंधार एकमेकांच्या छातीवर! आपल्याला सवय तानपुऱ्याची, तिथे गंधार छेडावा लागत नाही.

उपाय दोन मिळाले, दोन्ही ठेवले. कॉर्ड ओळखायची पद्धत बदलून फिंगर्ड केली, त्यात सा आणि प एवढेच दाबले तर यंत्र तेवढेच धरतं, गंधार घालत नाही. शिवाय साथीचे जे वेगवेगळे भाग असतात (ताल, बास, कॉर्ड, पॅड, फ्रेज) त्यातले ताल आणि बास सोडून सगळे बंद. हे सगळं बटणात साठतं, म्हणून एकदाच करायचं. कुणी म्हणेल मग अरेंजर कशाला घेतला, निम्मं यंत्र बंदच आहे. असू दे. पंक्तीत वाढलेलं सगळंच खायचं असं कुठे आहे.

16 ऑगस्ट, तालीम

बँक एक, बटणं आठ, रंगीत टिकल्या चिकटवल्या (खऱ्या टिकल्या, कपाळाच्या). 1 नुसता तानपुरा आणि पेटी. 2 दादांचा भजनी. 3 तोच, पण लय चढलेली. 4 केरवा, 5 दादरा. 6 ला गजर, टाळांसकट. 7 आरती. 8 वर लाल टिकली: ठेका नाही, फक्त पेटी, आवाज बेताचा. काही गडबड झाली की डोळे मिटून 8.

रूपकातली एक रचना आहे, ती बिनठेक्याची, 1 वर. सात मात्रांचं यंत्राकडून करून घ्यायची माझी तयारी नाही आणि दादांचीही नाही.

आज आत्यांनी तीन वेळा क्रम बदलला. मला कळलंसुद्धा नाही, इतक्या सहज बोटं गेली. एकदाच फजिती झाली. 4 दाबताना अंगठा मेमरीवर पडला आणि केरव्याच्या जागी जे चालू होतं तेच जाऊन बसलं. बँक पेन ड्राइव्हवर होती म्हणून वाचले. मेमरीच्या बटणावर आता बिसलेरीच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बसवलंय.

30 ऑगस्ट, गणपतीचा चौथा दिवस

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

संध्याकाळी वहिनीकडे आरतीआधी भजन. काकूंना सर्दी. काकूंची पट्टी काळी चार (चौथी काळी हा त्यांचा सा), म्हणजे माझ्या यंत्रात ट्रान्सपोज, सगळे सूर वर-खाली सरकवायचा आकडा, उणे चार (मी कायम पांढरी एकवरूनच वाजवते, पेटी स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवता येणारी, असल्याची जुनी सवय). त्या कानात म्हणाल्या, "आज अर्धी पट्टी खाली घे गं." घेतली. पांढरी पाच, उणे पाच. मुखडा छान झाला. अंतऱ्यानंतर लय वाढवायची म्हणून मी 3 दाबलं.

आणि सगळं घर अर्धा सूर वर उचललं गेलं.

ट्रान्सपोजही बटणात साठतो! मी 3 साठवलं तेव्हा उणे चार होतं, म्हणून दाबल्याबरोबर उणे चार परत आलं. काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या गणपतीकडे पाहिलं, आणि सर्दी झालेल्या गळ्याने ओढत ओढत काळी चारला येऊन मिळाल्या. मी 8 दाबायला हवं होतं. पण 8 मध्येही उणे चारच साठलेलं होतं, तेव्हा तेही बरंच झालं म्हणायचं.

प्रसाद घेताना काकू काही बोलल्या नाहीत. मोदक मात्र मला एकच दिला.

31 ऑगस्ट

वरच्या मजल्यावरचा मुलगा एका बँडमध्ये वाजवतो. त्याला सांगितलं तर हसला, "आंटी, फ्रीज करना था ना!" मला आधी वाटलं फ्रिजमध्ये काय ठेवायचं.

फ्रीझ म्हणजे असं: बटण बदललं तरी अमुक गोष्टीला हात लावायचा नाही, असं यंत्राला आधी बजावून ठेवता येतं. त्या यादीत ट्रान्सपोजला खूण केली, फ्रीझचा दिवा लावला. आता पट्टी मी हाताने लावली की ती तिथेच, आठही बटणं दाबून पाहिली, हलत नाही.

लयीलाही खूण करावी का यावर दादांशी फोनवर अर्धा तास. ते म्हणाले, ठेक्याबरोबर लय यायलाच हवी, ती मी ठरवून दिलीय, कमीजास्त करायची तर टॅप आहेच. पण पट्टी ठरवणारे आपण कोण? गळा त्यांचा. पटलं. लय बटणात, पट्टी बाहेर.

एका कार्डावर लिहून यंत्राच्या कडेला लावलं: काकू काळी चार, उणे 4. वहिनी काळी पाच, उणे 2. आत्या पांढरी पाच, उणे 5. त्याखाली: विचार. मगच लाव.

13 सप्टेंबर

दादांचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. हात काडीसारखा झालाय. रबरी चेंडू दाबत बसतात. आज तालमीत त्यांनी स्वतःचा भजनी ठेका यंत्रातून ऐकला, बायका गात असताना, पहिल्यांदाच लांबून. बराच वेळ मान खाली. मग म्हणाले, "मी इतका उशिरा येतो?"

28 सप्टेंबर

लतादीदींचा जन्मदिवस, 1929 साली इथेच इंदुरात. आज गावात ठिकठिकाणी त्यांची गाणी. आमची तालीम तरीही झाली, चौदाच्या चौदा रचना, सव्वा तास. एकूण किती वेळा बोट बटणावर गेलं ते वहिनीने मोजलं: एकतीस, त्यात पट्टी बदलायचेही धरून. कोजागिरीसाठी त्यातल्या दोन रचना गाळल्या, कारण दम पुरत नाही. आमचा, यंत्राचा नाही.

पायाने बटणं पुढे सरकवायची सोयही आहे म्हणे, पेडल घेऊन. नको. पेटीवाल्याचा पाय मांडी घालण्यासाठी असतो.

6 ऑक्टोबर, कोजागिरी

रात्रीचा दीड वाजलाय, झोप येत नाही, लिहूनच टाकते.

गच्चीवर कार्यक्रम. ढग होते, नंतर निवळले. पाच रचना सुरळीत. वहिनीने ऐन वेळी काळी पाचऐवजी पांढरी सहा मागितली, उणे तीन केलं, 2 वरून 3 वर गेले, पट्टी जागेवर. काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सदतीस दिवसांनी.

सहाव्या रचनेत कुणीतरी दूध गरम करायला इंडक्शन लावला. त्याच बोर्डवर! फट्ट झालं, कीबोर्ड काळा, माइक बंद, दिवे बंद. वर चंद्र तेवढा चालू. बायका थांबल्या नाहीत, त्यांना यंत्र गेल्याचं कळायलाच दोन ओळी लागल्या. आणि तेवढ्यात ठेका आला. दादांनी चिवड्याचा रिकामा डबा पालथा घातला होता, डाव्या हाताने डग्गा, उजव्याची दोनच बोटं काठावर. वजन तेच, उशीरही तोच.

वीज आली तेव्हा मी यंत्र चालू केलं. बँक आपोआप आली, पण फ्रीझचा दिवा विझलेला आणि ट्रान्सपोज शून्यावर. हे मला आधी तपासून ठेवायला हवं होतं. दिवा लावला, पट्टी लावली, 2 वर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. डबा चालू होता. ती रचना तशीच संपवली, पुढची यंत्रावर.

7 ऑक्टोबर

किरकोळ कामं. जेल रोडवरून आणखी एक पेन ड्राइव्ह आणला, बँक आणि दादांचा ठेका दोन्हींवर उतरवला, एक वहिनीकडे. कार्डावर वरच्या बाजूला लिहिलं: चालू केल्यावर आधी फ्रीझ, मग पट्टी. कीबोर्डसाठी स्वतंत्र लांब वायर, इंडक्शनपासून दूर. 6 नंबरच्या गजरात टाळ जास्त झाले, कमी केले.

वहिनी विचारत होती, मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी नवी बँक करायची का. नको म्हटलं, हीच राहू दे, फक्त 7 वर आरती वेगळी लागेल. दादांचा फोन आला, रविवारी येतो म्हणाले. मेन बी मधली लग्गी त्यांना परत भरायची आहे, या वेळी चाटीसुद्धा स्वतःच.